वॉशर

आधी इंजिन बंद कर, नीलो.
आवाज ऐकवायलाच आणली होतीस ना? ऐकला.
ज्याने हा सायलेन्सर कापून दिला
त्याने तुझी पाठ वळेपर्यंत हसू दाबलं असणार.

आठशे युरोंत साब नव्व्याण्णव.
दारं खालून पोखरलेली, सीट मात्र बऱ्या.
तेल कुठलं घालू म्हणून मला विचारतोस,
आणि वाटेत राइमोला विचारून आलायस
हे तुझ्या तोंडावरच दिसतंय.
तो म्हणाला असेल, जाड घाल,
जुन्या इंजिनाला जाडच मानवतं.
खोटं नाही. जुलैत.
आज उणे एकतीस आहे.
जाड तेल असल्या थंडीत मधासारखं
तळाला बसून राहतं
आणि वर लोखंड लोखंडाला खातं.
पातळ घाल. सीलं जुनी आहेत, गळेल थोडं.
गळू दे. खाली पुठ्ठा सरकव.
गळणारी गाडी निदान सांगते तरी, आत तेल आहे.

रात्री हीटरची वायर लावायची.
विसरलास तर सकाळी बसने जा.
सुरू झाल्या झाल्या पाय देऊ नकोस,
झोपेतून उठलेल्या माणसाशी कोणी भांडतं का?
भांडतात म्हणा.

तेल काढायचं ते गरम असताना.
फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लाव,
हाताने आवळ, पान्याला हात लावू नको.
डिपस्टिकवर दोन खुणा आहेत, त्यांच्या मधे राहा.
जास्त घातलं की आत फेस होतो.
राइमोचा यावर विश्वास नाही.
त्याची तीन इंजिनं गेली.

गाडी खाली बसवायचीय? बसव.
केमियार्वीचे रस्ते एप्रिलमध्ये एकदा बघून घे, मग बसव.
निळे दिवे? लाव बाबा.
निळ्या दिव्याने अजून कुठलं इंजिन मेलेलं नाही.

आणि हा वॉशर.
एवढासा, तांब्याचा, अंगठीएवढा.
दर वेळी नवा.
जुना उलटून घालायचा नाही,
बरा दिसतोय म्हणून घालायचा नाही,
घाई आहे म्हणून तर मुळीच नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मला घाई होती.
कालेर्वो लगद्याच्या गिरणीत रात्रपाळीला.
लांब जायचं तर तेल ताजं हवं,
हे त्यानेच शिकवलेलं.
मागच्या सीटवर दोन पिशव्या आणि शिवणयंत्र.
वॉशर सापडेना.
बोल्ट तसाच फिरवला, बोटं कुठे संपतात ते कळत नव्हतं.
रोव्हानिएमीच्या वाटेवर चाळिसाव्या किलोमीटरला
लाल दिवा, मग एक ठोका,
मग काहीच नाही.
तेलही गेलं. तूप तर आमच्यात कधी नव्हतंच.

खाली उतरून मागे बघितलं.
पांढऱ्या रस्त्यावर बारीक काळी रेघ,
दारापासून निघालेली,
माझ्या बुटांपाशी संपलेली.

बसच्या आधी तो आला.
शेजाऱ्याची गाडी, अंगात गिरणीचा डगला तसाच,
हातात चार लिटरचा डबा.
त्या रेघेवरूनच आला होता, थेंब थेंब वाचत.
ओरडला असता तर सोपं गेलं असतं.
गुडघ्यावर बसला, खाली वाकून बघितलं,
म्हणाला, वॉशर नाही टाकलास.

मग बस आली.
तीही नव्व्याण्णवच होती, हिरवी.
किल्ली दोन सीटांच्या मधे, तुला माहीत आहेच,
आणि रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय ती सुटत नाही.
मी रिव्हर्समध्ये टाकली,
किल्ली काढली,
त्याच्या हातात दिली.
पिशव्या त्यानेच बसमध्ये चढवल्या.
यंत्र जड होतं, ते दोघांनी मिळून.

बघत काय बसलास?
ट्रे सरकव इकडे. थोडा डावीकडे.
गरम आहे, बाही वर कर.